कॉपी-पेस्टच्या पोटातला करार

एका प्रोग्राममधला मजकूर, तक्ता किंवा चित्र उचलून दुसऱ्यात टाकणं ही आता इतकी किरकोळ गोष्ट झाली आहे, की तिला इतिहास असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ज्यांच्या मनात येतं त्यांना एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते: पूर्वी संपादक कागद कात्रीने कापून डिंकाने चिकटवत, कुणा हुशार माणसाने तेच पडद्यावर आणलं आणि काम सोपं झालं. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. कात्री आणि डिंक हा वरचा मुलामा. वापरणाऱ्याला जो सोपेपणा जाणवतो तो त्याच्याखाली, दोन प्रोग्राममध्ये झालेल्या कराराने पेललेला असतो. हा करार जिथे पुरता झालाच नव्हता तिथे तीच दोन बटणं दाबून माणसं वर्षानुवर्षं कपाळाला हात लावत होती, आणि त्या माणसांत मराठी लिहिणारे बरेच होते.

सुरुवात मात्र बटणांपासूनच करायला हवी. झेरॉक्स कंपनीने 1970मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे संशोधन केंद्र काढलं. तिथे 1973मध्ये 'आल्टो' हा संगणक तयार झाला आणि त्यावर बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा मजकूर-संपादक रचला. ब्राव्हो ताकदीचा होता, पण तो दोन अवस्थांत चाले. एका अवस्थेत दाबलेली कळ म्हणजे अक्षर, दुसरीत तीच कळ म्हणजे हुकूम. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरून एखाद्याने 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाइप केला तर काय व्हायचं, याचा किस्सा संगणकाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो: पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई, तिसऱ्याने नवं लिहिण्याची सोय होई आणि चौथं अक्षर, एकटं 'टी', पडद्यावर उरे. झेरॉक्सच्याच मालकीच्या, बॉस्टनजवळच्या गिन आणि कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेला हे यंत्र द्यायचं ठरलं, तेव्हा संस्थेचे टिम मॉट आणि केंद्रातले लॅरी टेसलर यांनी 1974-75च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा नवा संपादक लिहिला. कट, कॉपी आणि पेस्ट या आज्ञा आजच्या रूपात आल्या त्या इथे.

या दोघांनी आधी यंत्राकडे पाहिलं नाही, माणसांकडे पाहिलं. गिनमधले संपादक दिवसभर काय करतात, हे मॉट यांनी जवळून पाहिलं. टेसलर यांनी केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या सेक्रेटरीला कोऱ्या पडद्यासमोर बसवलं, खुणा केलेली मुद्रितं हाती दिली आणि विचारलं, या दुरुस्त्या तू पडद्यावर कशा करशील? तिच्या उत्तरात आज्ञांची यादी नव्हती. आधी ती जागेकडे बोट दाखवत होती, मग काय करायचं ते सांगत होती. जिप्सीचं मर्म याच क्रमात आहे. तोवरच्या बहुतेक प्रोग्राममध्ये आधी हुकूम द्यावा लागे आणि मग तो कशाला लागू हे सांगावं लागे. जिप्सीने क्रम उलटा केला: आधी निवड, मग कृती. निवडून ठेवलं आणि विचार बदलला तर काही बिघडत नाही, कारण अजून हुकूम सुटलेलाच नसतो. अवस्थांचा घोळही या एका उलथापालथीने बराचसा नाहीसा झाला. टेसलर यांना अवस्थांचा इतका तिटकारा होता की आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी 'नो मोड्स' असं लिहून घेतलं होतं.

यावर जाणकार आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. मजकूर एका जागेवरून काढून दुसरीकडे ठेवण्याची सोय जिप्सीने शोधलीच नाही. संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968च्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात पडद्यावरचा मजकूर हलवून दाखवला होता. पुढे 1976मध्ये आलेल्या इमॅक्स या संपादकात तेच काम वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या कळांनी होत होतं, आणि आजही होतं. मग टेसलर-मॉट यांनी नवं काय दिलं? मला वाटतं, या आक्षेपानेच मूळ मुद्दा भक्कम होतो. क्षमता आधीही होती. ती ज्यांना वापरायची होती ते अभियंते तिच्यासाठी कळा पाठ करायला तयार होते. पाठ्यपुस्तकाचा संपादक तयार नव्हता, आणि त्याने तयार असावं अशी अपेक्षा या दोघांनी सोडून दिली. यशाचं श्रेय कात्रीच्या रूपकाला द्यायचं तर तेही टिकत नाही. कात्रीने कापलेल्या कागदाला भोक पडतं, एकदा चिकटवलेला तुकडा दुसऱ्यांदा चिकटवता येत नाही, आणि 'कॉपी'ला त्या टेबलावर समांतर कृतीच नव्हती. रूपकाने नाव दिलं, एवढंच.

टेसलर 1980मध्ये ॲपलमध्ये गेले. 1983च्या लिसा आणि 1984च्या मॅकिंटॉश या संगणकांनी ही सोय प्रयोगशाळेबाहेर आणली. झेड, एक्स, सी, व्ही या कळा तिथल्याच. कळफलकावर त्या ओळीने शेजारी येतात, एक्स फुलीसारखा दिसतो, व्ही मुद्रितशोधकाच्या 'इथे घाला' या खुणेसारखा. आयबीएमने नंतर शिफ्ट, इन्सर्ट आणि डिलीट यांच्या जोड्या रूढ करायचा प्रयत्न केला. 1992च्या विंडोज 3.1ने ॲपलच्याच अक्षरांना कंट्रोल कळ जोडली आणि वाद मिटला.

पण खरा फरक पडला तो आतल्या बाजूला. जिप्सीत मजकूर एकाच प्रोग्राममध्ये इकडचा तिकडे होत होता. मॅकिंटॉशवर वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये देवाणघेवाण करायची होती आणि ते एकमेकांना ओळखत नव्हते. चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामला पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रामची आतली रचना कशी कळणार? उपाय असा निघाला की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला माल तात्पुरता राहतो त्या जागेत, ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला चार अक्षरी खूण असावी, मजकुराची एक आणि चित्राची एक. प्रत्येक प्रोग्रामने आपला माल निदान या दोन सामाईक रूपांपैकी एकात द्यावा. शिवाय त्याचं स्वतःचं खास रूप असेल तर तेही ठेवावं. घेणाऱ्याने त्यातलं आपल्याला झेपेल ते सगळ्यात सरस रूप उचलावं. आजही हेच चालतं. एक्सेलमध्ये चार रकाने निवडून कॉपी केले, की क्लिपबोर्डवर एकाच वेळी अनेक रूपांची हजेरी लागते: एक्सेलचं स्वतःचं रूप, वेबपानाचं, सजावटीसह मजकुराचं, चित्राचं, आणि टॅबने तोडलेल्या साध्या अक्षरांचं. वर्डमध्ये टाकलं तर तक्ता उमटतो, पेंटमध्ये चित्र, नोटपॅडमध्ये नुसते आकडे. वापरणाऱ्याला कुणी काही विचारलेलं नसतं. विंडोजने तर आणखी काटकसर केली: देणारा प्रोग्राम सगळी रूपं लगेच तयार करत नाही, फक्त देण्याचं वचन नोंदवतो आणि मागणी आली की माल काढून देतो. वर्ड बंद करताना 'क्लिपबोर्डवर बराच माल आहे, ठेवू का?' असा प्रश्न कधीकधी येत असे, त्याचं कारण हेच. वचन देणारा निघाला होता.

या रचनेवर टीका करणारेही आहेत. क्लिपबोर्ड दिसत नाही, त्यात एकच गोष्ट मावते, आणि नवी आली की जुनी मुकाट्याने जाते. सजावटीचा त्रास तर सगळ्यांच्या माहितीचा: वेबपानावरून चार ओळी घ्याव्यात आणि आपल्या अर्जात निळ्या, मोठ्या, तिरप्या अक्षरांचा बाजार भरावा. घेणाऱ्याने सगळ्यात सरस रूप घ्यावं, या नियमाचंच हे फळ आहे, आणि इथे रचनाकारांनी माणसाच्या हेतूचा अंदाज चुकीचा बांधला असं मी म्हणेन. बहुतेकांना बहुतेक वेळा शब्द हवे असतात. 2001च्या ऑफिस एक्सपीत चिकटवल्यानंतर शेजारी एक छोटं बटण उगवायला लागलं आणि 'कोणतं रूप हवं?' हा दडवलेला प्रश्न अखेर माणसासमोर आला. विशेष म्हणजे तो कृती झाल्यावर विचारला गेला, आधी अडवून नाही. एकच जागा असण्याबद्दल मात्र मी रचनाकारांच्या बाजूने आहे. ऑफिसने अनेक तुकडे साठवायची सोय दिली, 2018मध्ये विंडोज 10मध्ये क्लिपबोर्डचा इतिहासही आला. तरी दोन कळा दाबल्यावर शेवटचीच गोष्ट मिळते. ज्याला जास्त हवं त्याने एक पायरी अधिक चढावी, हा न्याय उलट करून चालणार नाही. आयफोन 2007मध्ये या सोयीविना आला आणि ती 2009मध्ये मिळाली. तेव्हाही निवडीच्या दोन टोकांना बोटाने ओढायच्या खुणा देऊन आधी निवड, मग कृती हा जिप्सीचा क्रमच राखला गेला.

आता मराठीकडे. 1990च्या दशकात इथली छपाई डीटीपीवर गेली, तेव्हा देवनागरी फॉन्ट प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने बांधले. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, अशी ती युक्ती. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरांची रांग असते. ती मराठी दिसते ते केवळ फॉन्टमुळे. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये याच शब्दाची रांग वेगळी. हा मजकूर वर्डमधून वर्डमध्ये, त्याच संगणकावर नेला तर सजावटीच्या रूपाबरोबर फॉन्टचं नावही जाई आणि सगळं ठीक दिसे. ईमेलमध्ये किंवा वेबच्या चौकटीत टाकला की साधं रूप घेतलं जाई, फॉन्टचं नाव गळून पडे आणि इंग्रजी अक्षरांचा काला उरे. बटणं तीच होती, करार पाळलाही जात होता. पण 'मजकूर' म्हणजे काय यावरच देणाऱ्या-घेणाऱ्याचं एकमत नव्हतं. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांनाही हे सरळ जात नसे, कारण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे दिसतात त्या जागी साठवलेले. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीत दोन्हींचा क्रम उच्चाराप्रमाणे.

इथे कुणी म्हणेल, ही तर प्रमाणीकरणाची कथा झाली, वापरसुलभतेचा तिच्याशी काय संबंध? आणि प्रमाण तर भारताकडे आधीच होतं: इस्की ही संकेतप्रणाली 1991मध्ये भारतीय मानक ब्युरोने मान्य केली, पुण्यातल्या सी-डॅकने तिच्यावर आधारलेली साधनं बनवली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. हे सगळं खरं आहे. पण इस्की असूनही डीटीपीच्या दुकानातला मजकूर बंदिस्तच राहिला, कारण त्या दुकानाला देवाणघेवाण नको होती, छापील कागद हवा होता. विंडोज 2000 आणि एक्सपीबरोबर युनिकोड देवनागरी घरोघरी पोहोचली, लोक वेबवर मराठी लिहायला लागले, 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि मजकूर इकडून तिकडे जायलाच हवा अशी गरज सामान्य माणसाला भासू लागली. तेव्हा करार कागदावरून उठून वापरात आला. कराराशिवाय बटण पोकळ, हे एक. बटण दाबणाऱ्याची निकड नसेल तर करारही पडून राहतो, हे दुसरं.

काम अजून पुरं झालेलं नाही. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. त्यातल्या एका पद्धतीत न दिसणारं जोडचिन्ह लागतं, आणि काही प्रोग्राम चिकटवताना ते साफ करून टाकतात. मग डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. पीडीएफमधून उचललेल्या मराठीचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेतच. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी कॉपी-पेस्टची तपासणी मराठी मजकुरावरही करावी, एवढी मागणी रास्त आहे. आणि ज्या संस्थांच्या, प्रकाशकांच्या, लेखकांच्या कपाटात कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या फाइली पडून आहेत, त्यांनी ते फॉन्ट आणि ते वाचणारे संगणक चालू आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.