परसबागेतली भेंडी जून का होते? पेरणीइतकंच तोडणीचं वेळापत्रकही महत्त्वाचं

बाजारात भेंडी घेताना टोक मोडून बघायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. पण तीच भेंडी घरच्या कुंडीत लागली की हा नियम विसरला जातो. पहिल्या भेंडीचा फोटो निघतो, स्टेटसला जातो. ‘अजून थोडी मोठी होऊ दे, रविवारी काढू’ म्हणत चार दिवस जातात. रविवारी हातात येते ती सुरीलाही दाद न देणारी भेंडी. पुढे झाडावरची फुलंही कमी होतात आणि दोष जातो मातीला, बियाण्याला किंवा खताला.

प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक असते ती तोडणीची.

झाड फुलं द्यायचं का थांबतं?

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका या भाज्या आपण कोवळ्या खातो. झाडासाठी मात्र ही बी तयार करण्याची सुरुवात असते. फळ वेलीवरच राहिलं की त्यातलं बी भरू लागतं आणि झाडाचं अन्न तिकडे वळतं. साहजिकच नवी फुलं आणि नवी फळं कमी होतात. कोवळं फळ वेळेवर काढलं, तर झाड पुन्हा फुलावर येतं. म्हणजे तोडणी हे हंगामाच्या शेवटचं काम नाही. पाणी आणि खताइतकाच तो निगा राखण्याचा भाग आहे.

कोणती भाजी कधी काढायची?

भेंडी: जूनमध्ये मृगाच्या पावसावर पेरली, तर साधारण ४० ते ४५ दिवसांत फुलं येतात. फूल उमलल्यानंतर ५ ते ७ दिवसांत भेंडी काढण्याजोगी होते. त्यानंतर दर दुसऱ्या दिवशी तोडणी करावी लागते. लांबी बोटाएवढी झाली की पुरे. झाडाला बारीक लव असते, त्यामुळे खाज सुटणाऱ्यांनी हातमोजे घालावेत.

गवार आणि चवळी: शेंगेवर दाण्याचे फुगवटे दिसायच्या आत.

वांगी: आकारापेक्षा साल बघावी. चकाकी आहे तोवर वांगं कोवळं. साल निस्तेज दिसू लागली की आत बी पक्कं झालेलं असतं. ओढून न काढता कात्रीनं देठासकट कापावं, नाहीतर फांदी सोलली जाते.

मिरची: हिरव्या मिरच्या काढत राहिल्या की झाड फुलत राहतं. सगळ्याच लाल होऊ दिल्या तर नवी फुलं कमी होतात.

टोमॅटो: रंग फिरू लागला की काढला तरी घरात पिकतो. जोराच्या पावसात झाडावर पूर्ण पिकू दिला, तर तो तडकण्याची भीती असते.

पालेभाज्या: मेथी साधारण महिनाभरात तयार होते. पालक जमिनीपासून दोन-तीन बोटं ठेवून कापला की पुन्हा फुटतो. मुळा काढायचा राहिला तर तो आतून पोकळ होतो. पण तो वाया जात नाही. त्याला शेंगा धरू द्याव्यात, डिंगरीची भाजी होते.

फुलं येतात, पण फळ का धरत नाही?

दोडका, कारली, दुधी, काकडी यांच्या वेलीवर आधी बहुतेक नर फुलं येतात आणि गळून पडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फूल ओळखायला सोपं: त्याच्या मागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल, तर परागीभवन होत नसावं. उंच मजल्यावरच्या बाल्कनीत मधमाश्या कमी फिरकतात. अशा वेळी ताजं नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावं. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. वेळ त्याप्रमाणे निवडावी.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

कुंडीची भोकं बुजली की मुळं कुजतात, त्यामुळे पाणी वाहून जातंय ना, हे आधी बघावं. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी द्यावं. पंधरा दिवसांनी कुंडीमागे मूठभर कंपोस्ट पुरतं. खताचा मारा केला तर पानं माजतात आणि फुलं कमी येतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि बरा होत नाही. ते झाड लगेच उपटलेलं चांगलं. निंबोळी अर्क फवारायचा असेल, तर आधी तयार भाजी तोडून घ्यावी.

चव घेतल्याशिवाय दुधी चिरू नका

तोडणीनंतरही एक काम उरतं. दुधी, काकडी, दोडका यांचा छोटा तुकडा जिभेला लावून बघावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावं. कुकुर्बिटासिन या विषारी घटकांमुळे हा कडूपणा येतो आणि तो शिजवूनही जात नाही. कडू दुधीच्या रसामुळे भारतात मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये, असं स्पष्ट केलं आहे. तो पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्यास घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावं. कारलं जातीनंच कडू, त्याला ही परीक्षा लागू नाही.

मग वेलीवर काहीच राहू द्यायचं नाही?

काही फळं पिकूनच काढायची असतात. लाल भोपळ्याचा देठ सुकला आणि सालीत नख रुतेना, की तो तयार झाला. थोडा देठ ठेवून कापला तर जास्त टिकतो. कोकणात वेलीवर पिवळं पडलेलं तवसं धोंडसासाठी लागतंच.

भाद्रपदात ऋषिपंचमीला परसातल्या अशाच भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी होते. तोवर दर दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन फेरी मारलेली असेल, तर झाडं तेव्हाही फुलावर असतात.

हंगाम सरत आला की सगळ्यात निरोगी झाडावरची एक-दोन भेंडी मुद्दाम वाळू द्यावी. बियाणं संकरित नसेल, तर पुढच्या मृगाला तेच बी पेरता येतं. जून झालेल्या भेंडीचा खरा उपयोग तोच.