हैदराबादचे न झालेले सार्वमत

मराठवाडा मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात माणसे प्रामुख्याने दोन प्रकारची आढळतात. एक, सत्याग्रही किंवा सरहद्दीवरील छावणीतला कार्यकर्ता, दुसरा, रझाकार. स्वामी रामानंद तीर्थ काय किंवा अनंत भालेराव काय, लिहिणारे स्वतःच लढ्यात उतरलेले असल्याने हे स्वाभाविकही आहे. पण १९४७-४८ साली नांदेड-लातूरच्या परिसरात तिसराही एक माणूस होता. त्याचे ठरत नव्हते. तो तळ्यात-मळ्यात होता. आमच्या इतिहासात आणि वाङ्मयात तो फारसा का दिसत नाही, याचे एक साधे कारण आम्हांस दिसते. त्याला कोणी मत विचारलेच नाही.

विचारण्याच्या गोष्टी मात्र पुष्कळ झाल्या. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपले संस्थान कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठविणार नाही, ते स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. ऑगस्टमध्ये माउंटबॅटन यांनी सार्वमताची सूचना केली, ती निजामाने नाकारली. नोव्हेंबरात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. जून १९४८ च्या वाटाघाटींतील मसुद्यात सार्वमत पुन्हा आले आणि तो मसुदाही निजामाने फेटाळला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढे नोव्हेंबर १९४९ मध्ये भारतीय राज्यघटना स्वीकारणारे जे फर्मान निघाले, त्यातही अंतिम निर्णय लोकांच्या मान्यतेने होईल, असा उल्लेख होता. तशी स्वतंत्र घटना समिती काही भरली नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सार्वमत घ्यायचे म्हटले असते, तरी मतदार कोण हा प्रश्न उरलाच असता. १९३९ साली जाहीर झालेल्या सुधारणांत प्रतिनिधित्व माणसाला नव्हते, धंद्याला होते. शेती, व्यापार, वकिली असे हितसंबंधांचे गट पाडलेले. त्यानुसार झालेल्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला. नांदेडच्या शेतमजुराला मताचा कागद हातात मिळाला, तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली. आणि तेव्हा प्रश्न पक्षाचा होता, देशाचा नव्हता.

सार्वमत झाले असते तर निकाल काय लागला असता, याविषयी आम्हांस शंका नाही. जिल्ह्यांचा कल उघड होता. लातूरच्या व्यापाऱ्याचेच पाहा. बार्शी लाइट रेल्वेने त्याचा माल इंग्रजी मुलखातल्या बार्शी-कुर्डुवाडीकडे जात असे. त्याच्या व्यवहाराचे तोंड पश्चिमेकडे होते. १९४८ साली भारताकडून आर्थिक नाकेबंदी झाली, तेव्हा स्वतंत्र हैदराबाद म्हणजे काय, हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नाही. त्याचे ठरलेले होते, असे मानायला हरकत नाही.

पण सर्वांचे असे नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसाने काय ठरवावे? निजामाच्या राज्यात वेठ होती, आणि वेठ घेणारा देशमुख-पाटील बहुधा हिंदूच होता. उद्या ‘स्वराज्य’ आले तर ते याच देशमुखाचे येणार नाही कशावरून? बी. श्याम सुंदर यांच्यासारखे दलित पुढारी निजामाच्या बाजूने उभे राहिले; संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात ते होते. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे बजावले. एकाच वस्तीत हे दोन्ही आवाज पोचत असतील, तर तिथला माणूस द्विधा नसता तरच नवल.

मुसलमान शेतकऱ्याची, विणकराची, उर्दू शिकून कचेरीत लागलेल्या कारकुनाची अवस्था याहून अवघड. त्याच्या नावाने बोलत होते कासिम रझवी, लातूरला वकिली केलेला मनुष्य. पण सारे मुसलमान रझवींच्या मागे होते, हे खरे नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. हे पाहून ज्याने तोंड मिटून घेतले, त्याला आपण कोणत्या बाजूचा म्हणायचे?

मतपेटीचा उपयोग निकालापुरताच असतो, असे आम्हांस वाटत नाही. जुनागढचे उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी १९४८ रोजी तेथे सार्वमत झाले. नोंदलेले मतदार २,०१,४५७. त्यांपैकी १,९०,८७० जणांनी मत दिले आणि पाकिस्तानच्या बाजूने पडली अवघी ९१ मते. त्या परिस्थितीतले सार्वमत किती मोकळे होते, याची चर्चा करता येईल. पण ते ९१ आणि न आलेले दहा हजारांवर लोक कागदावर तरी आहेत.

गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तर याहून बोलका आहे. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’, वेगळा केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी ‘दोन पाने’. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. आणि दोनच महिन्यांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला त्याच मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसविले! भाऊसाहेब बांदोडकर हवेत, महाराष्ट्र नको, असे म्हणणारा माणूस या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत स्पष्ट दिसतो. मराठीवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्यांना तो निकाल रुचो न रुचो, त्या माणसाची नोंद झाली हे नाकारता येत नाही.

आमच्याकडे ती जागाच नाही. मत मोजले गेले नाही, म्हणून ते नावावरून आणि वेशावरून ठरविले गेले. फौजा आल्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे तिने नोंदविले. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथील कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे अहवाल सांगतो. रझाकारांनी त्याआधी केलेले अत्याचारही समितीने झाकलेले नाहीत. लातूरच्या त्या मृतांत रझाकार किती, भारताला मत देणारे किती आणि न ठरलेले किती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. पूर्ण स्वरूपात तो सामान्य वाचकाच्या हाती पडण्यास २०१३ साल उजाडले. आमच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मराठीच्या वर्गात १७ सप्टेंबरच्या निमित्ताने भालेरावांचा ग्रंथ हाती घेतला जातो, तेव्हा त्याच्याशेजारी हा अहवालही ठेवावा, अशी आमची सूचना आहे.