रॅडुइनो : हौशी रेडिओच्या परंपरेतील एक जोडफलक

हौशी रेडिओच्या क्षेत्रात यंत्र विकत घेणाऱ्यापेक्षा ते स्वहस्ते उभारणाऱ्यास विशेष मान मिळत आला आहे. मायक्रोकंट्रोलरच्या प्रवेशाने या परंपरेचे काय झाले, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तो विद्येच्या संक्रमणाचाही आहे. या दृष्टीने हैदराबादचे अशहर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ यंत्राचा इतिहास उद्बोधक ठरतो.

२००३ च्या सुमारास रचलेल्या या यंत्रात एकाच वर्धकाकडून प्रेषण व ग्रहण अशी दोन्ही कामे करून घेतलेली होती, आणि भारतीय बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर त्याची उभारणी होती. २०१६ मध्ये ‘बिटएक्स-४०’ हा तयार फलक आला. त्यात १२ मेगाहर्ट्‌झची स्फटिक-गाळणी असल्यामुळे ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी सुमारे ५ मेगाहर्ट्‌झचे आंदोलन लागे. वेटोळे व धारित्र यांच्या आंदोलकाची कंप्रता उष्णतेने सरकते. आणि एकपार्श्वपट्ट प्रेषणात शंभर हर्ट्‌झच्या फरकानेही मानवी आवाज बदललेला जाणवतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे ‘रॅडुइनो’ हा जोडफलक होय. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये आर्डुइनोचा आरंभ झाला तो विद्यार्थी व कलावंत यांच्यासाठी. त्याच कुळातील ‘नॅनो’ रॅडुइनोवर बसविलेला असतो. सोबतचे ‘एसआय ५३५१’ हे एकात्म मंडल २५ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकाच्या आधारे इष्ट कंप्रता निर्माण करते, आणि ती पडद्यावर अंकांत दिसते. स्थानक शोधण्याची मूठ मात्र साध्या चलरोधाचीच राहिली. तिच्यावरील विद्युद्दाब मायक्रोकंट्रोलर ० ते १०२३ या संख्येत वाचतो. हाताची सवय तीच राहिली. तिचा अर्थ लावण्याचे काम आज्ञावलीकडे गेले.

येथे एक आक्षेप संभवतो. वेटोळे गुंडाळणारा आपल्या चुकीचे कारण डोळ्यांनी पाहू शके. सीलबंद मंडलाच्या पोटात काय चालते ते त्यास दिसत नाही. आक्षेप निराधार नाही. तथापि रॅडुइनोचे मंडलचित्र व आज्ञावली ही दोन्ही सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली, ही गोष्ट निर्णायक मानली पाहिजे. निरनिराळ्या देशांतील हौशींनी त्या आज्ञावलीत भर घातली, दुरुस्त्या केल्या, आणि हस्तलिखितांच्या परंपरेत आढळतात तसे तिचे पाठभेद निर्माण झाले. पूर्वी कौशल्य बोटांतून बोटांत जात असे. आता त्याचा एक भाग लिखित संहितेच्या रूपाने जाऊ लागला.

यावरून असे दिसते की, स्वनिर्मितीची परंपरा सुट्या भागांच्या जुनेपणावर अवलंबून नव्हती. यंत्राची रचना वाचण्याची व बदलण्याची मुभा हा तिचा खरा आधार होता. ती मुभा जेथे नाकारली जाते, तेथे मूठ हौशाच्या हाती असूनही यंत्र त्यास परकेच राहते.