हजेरी कोणाच्या ताब्यात?

मार्च १९१२मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. हे विधेयक पडल्याचे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यात काय होते हे फारसे कोणी वाचत नाही. सक्ती करायची की नाही, हे सरकार ठरवणार नव्हते; तो निर्णय त्या त्या नगरपालिकेचा किंवा जिल्हा बोर्डाचा होता. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थेने, असे गोखल्यांचे म्हणणे होते. मूल शाळेत का येत नाही याची चौकशी करणे, पालकांना समज देणे आणि तरीही न ऐकल्यास पुढची कारवाई करणे, हे काम खास हजेरी समित्यांकडे दिले होते.

ही कल्पना गोखल्यांनी विलायतेतून आणली होती, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. इंग्लंडचे १८७० आणि १८७६चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२चा कायदा त्यांच्यापुढे होता. इंग्लंडात १८७०पासून निवडून आलेली शाळा-बोर्डे आली. जिथे बोर्ड नव्हते तिथे १८७६नंतर हजेरी समित्या बसल्या, आणि १८८०मध्ये सक्ती सगळीकडे लागू झाली. बोर्डाचा माणूस गरीब वस्तीत घरोघर फिरे. पोराच्या कमाईवर ज्यांची चूल पेटायची, त्या घरांत त्याचे स्वागत कसे होत असेल हे सांगायला नको. पुढे १९०२च्या कायद्याने ही बोर्डेच गेली आणि काम काउंटी व शहर कौन्सिलांकडे आले. हजेरी घेणाऱ्याचा मालक बदलण्याची रीत तिथूनच सुरू झाली.

आपल्याकडे सक्ती आधी आली ती संस्थानांत, आणि तीही वरून. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपयापर्यंत दंड. त्या काळी रुपया म्हणजे मजुराच्या घरी चेष्टा नव्हती. पण संस्थानात एक सोय होती. दंड बसवणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीत त्याच पालकाच्या दारात मते मागायला जायचे नव्हते.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात नेमकी हीच अडचण झाली. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा दिली. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीचा हा पहिला कायदा. मुंबई शहर त्याबाहेर होते. त्याच्यासाठी १९२०मध्ये वेगळा कायदा झाला, आणि १९२५मध्ये एफ व जी वॉर्डांत सक्ती सुरू झाली. परळ, शिवडी, वरळी, दादर हा सगळा गिरण्यांचा, चाळींचा मुलूख. १९२२च्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याची दारे बंद केली होती. ती पोरे शाळेत गेली की गल्लीत राहिली, हे पाहणे आता महापालिकेच्या माणसाच्या वाट्याला आले.

दरम्यान १९१९च्या सुधारणांनी शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्यांचे खाते झाले. र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शाळांचा कारभार, सक्तीच्या अंमलासकट, जिल्हा लोकल बोर्डे आणि मोठ्या नगरपालिकांच्या शाळा मंडळांकडे गेला. सरकारी इन्स्पेक्टर आता केवळ तपासणीपुरता उरला. हे मनापासून लोकशाहीचे पाऊल होते, आणि ते फसलेही तितक्याच मनापासून. मंडळाच्या सभासदांना शिक्षकांच्या बदल्यांत रस भरपूर; गावकऱ्यांवर खटले भरण्यात मुळीच नाही. १९२९च्या हार्टोग समितीने देशभरच्या स्थितीवर बोट ठेवले. १९२२-२३ साली पहिलीत बसलेल्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचली ती जेमतेम अठरा. स्थानिक संस्था सक्ती राबवायला कचरतात, हेही समितीने नोंदवले.

मग दोर परत खेचला गेला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३८च्या दुरुस्तीने शाळा मंडळाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर झालेल्या १९४७च्या कायद्याने तर बहुतेक सूत्रे सरकारकडेच आली. जिल्हा शाळा मंडळे राहिली, पण त्यांच्या हातात फारसे काही नव्हते. मराठवाड्यात निजामाच्या काळापासून शाळा थेट सरकारच्या होत्या. विदर्भात जनपद सभांचा खाक्या निराळाच होता.

हे तिन्ही कारभार एका साच्यात आणले ते वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीने. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, जिल्हा शाळा मंडळांचे काम त्यांच्या शिक्षण समितीकडे आले. मराठवाड्यातला गुरुजी एका रात्रीत सरकारचा नोकर न राहता जिल्हा परिषदेचा झाला. पंचायत समितीत विस्तार अधिकारी आले. हजेरी पुन्हा निवडून आलेल्या माणसांच्या ताब्यात गेली, आणि दंडाचे कलम पुन्हा कपाटात पडून राहिले.

दंडाऐवजी राज्याने शेवटी आमिष धरले. १९९२पासून पहिली ते चौथीच्या अनुसूचित जाती-जमातींच्या व गरीब घरांतल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. २०१०मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पालकावरचे कर्तव्य कायम ठेवले, पण त्याला शिक्षा ठेवली नाही. उलट नवव्या कलमाने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली.

तरी सरकारचा विश्वास किती, ते लगेच दिसले. ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत राज्यभर तीन दिवस शाळांत महसूल खात्याची माणसे शिरली, आणि एकच पोर दोन ठिकाणी मोजले जाऊ नये म्हणून बोटांना मतदानाची शाई लावली गेली. सुमारे २० लाख मुले कागदावरचीच निघाली. शिक्षकांच्या जागा आणि अनुदाने पटावर ठरत असताना पट फुगणार नाही तर काय होणार? गोखल्यांच्या काळची तक्रार होती की मुले शाळेत येत नाहीत. इथे न येणाऱ्या मुलांचीही हजेरी लागत होती, आणि ती स्थानिक संस्थांच्या शाळांइतकीच खासगी अनुदानित शाळांतही.

आज हजेरीवर नजर ठेवण्याचा सगळ्यात खालचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आपल्या गावच्या वा वॉर्डातल्या शाळेच्या या समितीत कोण आहे आणि तिची शेवटची सभा कधी झाली, हे वाचकांनी एकदा मुख्याध्यापकांना विचारून पाहावे.