शिलालेख, रोजकीर्द आणि फ्लॅश स्मृती : नोंद टिकविण्याच्या पद्धतीचा एक विचार

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तरद्वारावरील शिलालेख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातील या लेखावरील शकवर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इ.स. १०६० असल्याचे दाखविले, आणि तेच वाचन विद्वन्मान्य झाले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचा काळ दोन शतकांनी पुढे सरकला. दगड टिकला होता, अक्षरेही टिकली होती. तरीही नोंदीचा अर्थ काही काळ हातून निसटलाच. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हा धडा या लेखाने आपल्याला दिला आहे.

हाच धडा अंबरनाथच्या शेजारीच, नऊशे वर्षांनंतर, निराळ्या रीतीने पुन्हा गिरविला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. मागे राहिलेल्या घरादाराचा मोबदला मिळावा म्हणून १९५० चा दावेविषयक कायदा आणि १९५४ चा भरपाई व पुनर्वसन कायदा झाला. ज्याच्यापाशी कागद होता त्याचा दावा सुकर झाला; ज्याचा कागद सीमेपलीकडे राहिला त्याला साक्षीपुराव्यांची वाट धरावी लागली. नोंदीचा प्रश्न हा केवळ ग्रंथालयातील प्रश्न नव्हे, तो माणसाच्या भाकरीचाही प्रश्न असतो.

आज या तिन्ही गावांतील दैनंदिन व्यवहाराच्या कितीतरी नोंदी ना दगडावर होतात, ना कागदावर. त्या लहान यंत्रांच्या पोटातील फ्लॅश नावाच्या स्मृतीत होतात. ही स्मृती कशी चालते आणि तिच्यावर लिहिण्याची शिस्त कशी घडत गेली, याचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्लॅश स्मृतीचा जनक म्हणजे जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका हा संशोधक. त्याने १९८४ मध्ये या स्मृतीची कल्पना जाहीरपणे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार पुढे आणला. या स्मृतीच्या प्रत्येक पेशीत चहूबाजूंनी वेगळा केलेला एक विद्युत्भार साठविलेला असतो. म्हणून वीज गेली तरी नोंद राहते. परंतु तिचा स्वभाव आपल्या जुन्या धूळपाटीसारखा आहे. धूळपाटीवरचे एकच अक्षर पुसून तेथे दुसरे लिहिणे कठीण. सारी धूळ पुन्हा सारखी करावी लागते. फ्लॅशमध्येही लिहिताना एकाचे शून्य करता येते, पण शून्याचे पुन्हा एक करावयाचे तर संपूर्ण खंडच पुसावा लागतो. असा एक खंड पुष्कळदा १२८ किलोबाइटांचा असतो. शिवाय प्रत्येक पुसण्याने खंड थोडा झिजतो. चांगल्या प्रतीच्या नँडमध्ये सुमारे १,००,००० वेळा पुसणे चालते. एका पेशीत अधिक अंक कोंबणाऱ्या स्वस्त प्रकारांत ही मर्यादा काही हजारांवर येते.

चुंबकी तबकडीसाठी बेतलेली जुनी संचिका-व्यवस्था येथे अपुरी पडली, याचे कारण यातच आहे. ती व्यवस्था अनुक्रमणिका एका ठरावीक जागी ठेवते आणि दर बदलाला तीच जागा पुन्हा लिहिते. फ्लॅशवर तसे केले तर तेवढाच खंड लवकर झिजेल. आणि पुसणे व लिहिणे यांच्या मध्येच वीज गेली, तर जुनी नोंदही नाही आणि नवीही नाही, अशी अवस्था होईल.

यावरचा उपाय आपल्या पेढीवरील गुमास्त्याला ओळखीचा वाटेल. रोजकीर्दीत लिहिलेली रक्कम कोणी खोडीत नाही. चूक झाली तर पुढे उलट नोंद घालतात. कीर्दीवरून खतावणी तयार होते, आणि नव्या वर्षी वही बदलताना केवळ बाकी पुढे ओढली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील रोझेनब्लम व औस्टरहाउट यांनी १९९१-९२ मध्ये जी संचिका-व्यवस्था मांडली, तिचे सूत्र असेच होते : नवे ते सदैव शेवटी लिहावे, जुन्यास हात लावू नये. त्यांच्या डोळ्यांपुढे तबकडी होती; परंतु हे सूत्र फ्लॅशच्या प्रकृतीस अधिकच मानवले.

स्वीडनमधील लुंड येथील ॲक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९९ मध्ये लिनक्ससाठी जेएफएफएस ही व्यवस्था प्रसिद्ध केली. तिच्या नावातच कीर्द आहे. तिच्यात सारी फ्लॅश एका चक्राकार वहीसारखी मानलेली होती. जागा मोकळी करण्यासाठी जुन्या टोकाकडील चांगल्या नोंदीही विनाकारण पुढे उतराव्या लागत. रेड हॅटच्या डेव्हिड वुडहाउस याने २००१ मध्ये जेएफएफएस-२ सिद्ध करून हा दोष घालविला. तीत प्रत्येक नोंदीस आवृत्तीचा क्रमांक आणि ताळ्याचा अंक असतो. एकाच जागेबद्दल दोन नोंदी आढळल्या, तर मोठ्या क्रमांकाची खरी. रद्द नोंदींनी भरलेले खंड आधी पुसले जातात. मात्र झीज सारखी व्हावी म्हणून शंभरात एखाद्या वेळी स्वच्छ खंडही मुद्दाम निवडला जातो.

या व्यवस्थेतील एक बारकावा इतिहासकाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुसणे चालू असताना वीज गेली, तर खंड वरवर कोरा दिसतो, परंतु त्यातील काही अंक अस्थिर असतात. म्हणून पुसणे पूर्ण झाल्यावर तेथे एक लहानशी खूण लिहितात. खूण नसेल तर कोऱ्या दिसणाऱ्या खंडावरही विश्वास ठेवीत नाहीत. कोरे दिसते ते कोरेच असते असे नाही, हे दस्तऐवजांच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

जेएफएफएस-२ ची उणीव अशी की, तिची खतावणी फक्त चालू स्मृतीत असते. दर वेळी यंत्र सुरू होताना सारी कीर्द चाळून ती नव्याने मांडावी लागते. फ्लॅश लहान होती तोवर हे चालले; ती वाढली तसा वेळही वाढला आणि स्मृतीही अधिक लागू लागली. नोकिया कंपनीने हंगेरीतील सेगेद विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेली यूबीआयएफएस ही व्यवस्था २००८ मध्ये लिनक्समध्ये आली. तिने खतावणीही फ्लॅशवरच ठेविली. झीज वाटून देणे आणि खराब खंड बाजूस सारणे ही कामे तिच्या खालच्या यूबीआय या थराकडे गेली.

येथे मांडणीतील अचूकपणास फार महत्त्व आहे. उदाहरणार्थ, खंड १,३१,०७२ बाइटांचा व पृष्ठ २,०४८ बाइटांचे असेल, तर यूबीआय प्रत्येक खंडाच्या आरंभीची दोन पृष्ठे आपल्या मथळ्यांसाठी घेते आणि वापरास १,२६,९७६ बाइट उरतात. पृष्ठाचे उपविभाग स्वतंत्रपणे लिहिता येत असतील, तर दोन्ही मथळे एकाच पृष्ठात मावतात आणि १,२९,०२४ बाइट उरतात. प्रतिमा तयार करताना यांपैकी चुकीचा आकडा दिला, तर यंत्र ती वाचण्यास नकार देते. सर्व अक्षरे जागच्या जागी असूनही लेख अवाच्य होतो. अंबरनाथच्या ७ आणि ९ ची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की, यंत्र चुकीचे वाचन करण्याऐवजी वाचनच नाकारते, आणि हा त्याचा गुण मानला पाहिजे.

वीज जाणे हा या भागात केवळ कल्पनेचा विषय नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने भारनियमन अनुभवले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीने काठावरील वस्त्यांत पाणी घातले, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे १,००० प्रवासी पुरात अडकले. अशा प्रदेशात यंत्राची वीज केव्हाही जाईल असे धरूनच नोंदीची मांडणी करावी लागते. पूर्ण झालेली नोंद राहावी, अपुरी नोंद ओळखून टाकून देता यावी, आणि जुनी नोंद नवी पक्की होईपर्यंत पुसली जाऊ नये, ही तीन पथ्ये त्या मांडणीचे सार होत.

तथापि या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. फ्लॅशमधील विद्युत्भार हळूहळू गळतो. उत्पादक नोंद टिकण्याची हमी देतात ती बहुधा १० वर्षांच्या आसपासची. संचिका-व्यवस्था वीज जाण्यापासून नोंद वाचवू शकेल, काळापासून वाचवू शकणार नाही. तिच्यात रद्द झालेली नोंद पुढे खरोखरच पुसली जाते. जुन्या वह्या माळ्यावर तरी पडून राहत, येथे तोही आसरा नाही. १९५० च्या दावेदाराला जो कागद हवा होता, तसा पुरावा उद्या कोणास लागला, तर तो यंत्राच्या पोटात सापडेलच असे नाही.

म्हणून नगरपालिका, सहकारी संस्था व कारखाने यांनी आपल्या यंत्रांतील नोंदी ठरावीक काळाने बाहेर उतरून घ्याव्यात, आणि त्यांबरोबर खंडाचा आकार, पृष्ठाचा आकार व व्यवस्थेचे नाव ही माहितीही कागदावर लिहून ठेवावी. भगवानलालांना तो अंक पुन्हा वाचता आला, कारण दगड जागेवर होता आणि लिपी जाणणारा माणूस तेथवर पोहोचला. पुढील संशोधकासाठी या दोन्ही गोष्टींची तरतूद आजच करून ठेवणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.