गठ्ठा किती मोठा बांधायचा?

परदेशातल्या मराठी घरांत 'आज रात्री बॅच आहे' हे वाक्य नवे नाही. वर्ष 2000च्या तोंडावर तारखांतले दोन आकडी साल चार आकडी करण्याच्या कामासाठी भारतातून कितीतरी प्रोग्रामर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आले. त्यांत मराठी मंडळीही होती. तुम्ही स्वतः त्या पिढीतले नसाल, तर तुमचा एखादा मामा किंवा काका असेल. त्यांची बॅच मेनफ्रेमवर चाले, तुमची क्लाउडवर चालते. पण लाखो नोंदी बदलायच्या झाल्या की दोघांपुढे प्रश्न तोच येतो: एका वेळचा गठ्ठा किती मोठा बांधायचा? हा प्रश्न नुसता वेगाचा वाटतो. त्याचा इतिहास पाहिला तर तो वेगळाच निघतो.

सुरुवात अमेरिकेच्या जनगणनेपासून करू. 1880च्या जनगणनेचे आकडे लावायला जवळजवळ आठ वर्षे गेली. 1890 साली हर्मन हॉलरिथचे यंत्र आले. माणशी एक कार्ड आणि माहितीप्रमाणे त्यावर भोके. कार्ड यंत्रात दाबले की जिथे भोक असेल तिथे पिन आरपार जाऊन पाऱ्याला टेके, वीज वाहे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. सुमारे सव्वासहा कोटी माणसे अशी मोजली गेली. पुढे कार्डांवर चालणाऱ्या कचेऱ्यांची रीतच पडली: कार्डे साठवायची, क्रमाने लावायची आणि गठ्ठाच्या गठ्ठा यंत्रातून काढायचा.

1951 साली त्याच जनगणना खात्याला युनिव्हॅक हा संगणक मिळाला आणि कार्डांच्या जोडीला चुंबकीय टेप आली. टेपच्या मधलीच एक नोंद बदलणे सोयीचे नसे. म्हणून जुनी मुख्य टेप आणि दिवसभरातले बदल एकाच क्रमाने वाचायचे आणि तिसरी, नवी टेप लिहायची. यात एक फायदा आपोआप मिळे. काम अर्ध्यावर बंद पडले, तर अर्धवट नवी टेप बाजूला ठेवून जुनीवरून पुन्हा सुरुवात करता येई. जुन्या टेपच्या तीन पिढ्या जपायची पद्धत होती आणि तिला नाव होते 'आजोबा-बाप-मुलगा'.

डिस्क आली आणि हा फायदा गेला. आता नोंद जागच्या जागी बदलू लागली, म्हणजे जुनी पुसली जाऊ लागली. काम मध्येच थांबले तर अर्धा हिशेब नवा आणि अर्धा जुना. यावरचा उपाय डेटाबेसच्या आतच शोधावा लागला. 1970 साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपातल्या डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे त्याच कंपनीच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झॅक्शनची कल्पना पक्की केली: बदल झाले तर सगळे, नाही तर एकही नाही. कमिट केले की पक्के, रोलबॅक केले की पूर्ववत.

कॉड यांच्या विचारातून आलेल्या एसक्यूएलमध्ये एक वाक्य लाखो नोंदी बदलू शकते. माहिती डेटाबेसमध्येच असेल आणि नियम सोपा असेल, तर आजही हाच उत्तम मार्ग. पण माहिती बाहेरच्या फाइलमधून येते किंवा नियम जावात लिहिलेला असतो, तेव्हा आपण लूप लिहितो आणि एकेक नोंद पाठवतो. प्रत्येक नोंदीला एक खेप. ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत सुमारे 30 सेंटिमीटरची तार दाखवत. एका नॅनोसेकंदात वीज याहून लांब जाऊ शकत नाही, हे लोकांच्या डोळ्यांसमोर यावे म्हणून. तुम्हीच हिशेब करा. प्रोग्राम पुण्यात, डेटाबेस अमेरिकेत आणि खेपेला 200 मिलिसेकंद धरले, तर एक लाख नोंदींना 20,000 सेकंद लागतात, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त. हजाराचा गठ्ठा केला तर खेपा शंभर आणि प्रवास 20 सेकंदांचा.

जावाला ही सोय 1998च्या सुमारास जेडीबीसीच्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली: नोंदी साठवत जा आणि एकदम पाठवा. कार्डांचा गठ्ठा नव्या वेशात परत आला होता.

मग सगळ्या लाख नोंदी एकदमच का पाठवू नयेत? कारण त्या प्रोग्रामच्या मेमरीत मावायला हव्यात, डेटाबेसचा लॉग फुगतो आणि कुलपे वाढतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका वाक्याने एका तक्त्यावर 5,000च्या आसपास कुलपे घेतली, की तो सहसा अख्ख्या तक्त्यालाच कुलूप लावायचा प्रयत्न करतो. ते लागले की बाकीचे लोक दाराबाहेर. म्हणून गठ्ठा मध्यम ठेवतात.

इथेच एक घोटाळा होतो. एकत्र पाठवणे आणि एकत्र कमिट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने खेपा वाचतात. दुसरीने ठरते की काम मोडले तर किती मागे जायचे. दर हजाराला कमिट केले आणि 43व्या गठ्ठ्यात काम बंद पडले, तर 42,000 नोंदी बदललेल्या राहतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले आणि ते पगार असतील, तर 42,000 जणांना दोनदा पगार. आजोबांची टेप आता नाही. म्हणून 'इथपर्यंत झाले' ही खूण प्रत्येक गठ्ठ्याबरोबर, त्याच कमिटमध्ये, डेटाबेसमध्येच लिहावी लागते.

मोठी बॅच अडली की काय होते, हे तुमच्यापैकी ब्रिटन-आयर्लंडमधल्यांनी पाहिले आहे. जून 2012मध्ये आरबीएस बँकसमूहाने रात्रीच्या बॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि अडचण दिसताच ती मागे घेतली. मागे घेण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते. ब्रिटनमधल्या 65 लाखांहून अधिक ग्राहकांना त्रास झाला आणि काहींना तो आठवडेच्या आठवडे पुरला. लोकांना आपली खरी शिल्लक कळेना, वेळेवर पैसे भरता येईनात. 2014 साली नियामकांनी समूहाला एकूण 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. पुढे जाण्याची तयारी होती, सुखरूप मागे येण्याची नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी बॅचचा आकडा 500 ठेवावा की 1,000 यावर चर्चा निघाली, तर आणखी एक प्रश्न विचारा: हे काम मध्येच थांबले, तर उद्या सकाळी नेमके कुठून सुरू करायचे? उत्तर कोणाकडेच नसेल, तर आकड्याची चर्चा नंतर करा. आधी खूण ठेवायची सोय करा.