गाडीखालचा कुत्रा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. निमित्त गाडीचं आहे. मी गाडी घेतली हे तुम्हाला कळलंच असेल, कारण सौ.ने त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. त्यावर पुण्याच्या ताईपासून नाशिकच्या मेहुण्यांपर्यंत प्रत्येकाने एकच विचारलं, "निवृत्तीनंतर घेतलीस ती जुनी डबडा व्हॅन? त्या पैशात चांगली छोटी कार आली असती की!" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

गाडी कुत्र्यांसाठी घेतली. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

मी वाळूजला आलो १९९१ साली. बजाजचा इथला कारखाना सुरू झाला तो १९८५ मध्ये. त्याच्या आसपास त्याला माल पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर ही गावं बघता बघता चाळी आणि बिल्डिंगांनी भरून गेली. मी ज्या कारखान्यात होतो तिथे रिक्षाचे पत्र्याचे भाग प्रेसवर निघायचे. अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. म्हणजे रस्त्यात कुठलीही रिक्षा दिसली की तिचा एखादा पत्रा आपल्या हाताखालून गेला असेल, असं वाटायचं. अजूनही वाटतं.

वाघ्या मला कंपनीच्या गेटवरच मिळाला. रात्रपाळीच्या वॉचमनने पोत्यावर झोपवलेलं महिन्याभराचं पिल्लू. चेतकच्या पायाशी बिस्किटांचा खोका ठेवला, त्यात त्याला बसवलं आणि बजाजनगरला घरी आणलं. तेरा वर्षं होता. नंतर चेतक गेली, मोटारसायकल आली आणि वाघ्या वाढून तीस किलोचा झाला. त्याला कुठे न्यायची वेळ क्वचितच यायची. लसीकरणाला डॉक्टर घरी यायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला तो अंगणात आडवा झाला तो उठेचना. जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ताबडतोब शहरात घेऊन या. शहर ते किती लांब, पंधरा किलोमीटर. मी रस्त्यावर गेलो. पहिला रिक्षावाला म्हणाला सीट खराब होईल, दुसरा म्हणाला चावला तर, तिसरा थांबलाच नाही. शेवटी गल्लीतल्या एका मुलाचा मालवाहू टेम्पो मिळाला. मागचा पत्रा तव्यासारखा तापलेला. त्यावर ओली पोती टाकली, मी वाघ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि नगर रोडने निघालो. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं, सगळं केलं. "तासभर आधी आला असता तर..." एवढंच म्हणाले. संध्याकाळी वाघ्या गेला.

रिक्षावाल्यांवर माझा राग नाही. सीट हीच त्यांची भाकरी, आणि पुढच्या गिऱ्हाईकाने नाक मुरडलं तर नुकसान त्यांचं. पण ज्या गावात एवढी वाहनं बनतात, ज्यातल्या काहींना माझा हात लागलाय, तिथे माझ्या कुत्र्याला एक वाहन मिळू नये, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मग सवयीप्रमाणे जुनं वाचायला घेतलं. कुत्रा गाडीत बसला कधी? त्याला बसवलं कोणी?

आपल्याकडे कुत्र्याची जागा ठरलेली होती, गाडीखाली. बैलगाडीच्या सावलीत चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं की गाडी आपणच ओढतोय, ही उपमा आपण पुढाऱ्यांना देतो. पण त्यात कुत्रा गाडीत नाही, खाली आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. खंडोबा घोड्यावर आणि कुत्रा बाजूने धावणारा. दत्तगुरूंचे चार कुत्रे पायाशी. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड घोड्यावर आणि कुत्री कळपाबरोबर पायी. कारवानी, मुधोळ ही आपल्या दख्खनची कुत्री तर पळण्यासाठीच घडलेली. मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीटसुद्धा निघालं, २००५ मध्ये. अशा कुत्र्याला गाडीची गरज ती काय?

इंग्रजांकडे वेगळी तऱ्हा होती. 'डॉग-कार्ट' नावाची दोन चाकी घोडागाडी त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात रूढ होती. नावावरून वाटतं की कुत्रे ओढत असतील. (मलाही तसंच वाटलं होतं :)) पण ओढायचा घोडाच. सीटखाली शिकारी कुत्र्यांसाठी पेटी असायची, आणि त्यांना वारा लागावा म्हणून तिला झडपा ठेवलेल्या असत. या गाड्या हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्येही आल्या. पुढे शिकारीला जायच्या 'शूटिंग ब्रेक' गाड्या झाल्या आणि मोटारीच्या जमान्यात त्यांच्याच वळणावर मागे लांब मोकळी जागा असलेल्या मोटारी निघाल्या. म्हणजे तिकडे गाडी बनवतानाच कोणीतरी कुत्रा मोजला होता. प्रेम होतं म्हणून नव्हे, शिकारीला कामाचा होता म्हणून. पण मोजला होता.

रेल्वेत कुत्र्यासाठी गार्डाच्या डब्यात 'डॉग बॉक्स' आला. आजही नियम असा की साहेबी थाटात न्यायचं तर एसी फर्स्टचं अख्खं कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर कुत्रा गार्डाकडे.

बाकी रस्त्यावरच्या कुत्र्याला जे वाहन ठाऊक होतं ते एकच, पकडून नेणारं. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारायला दर कुत्र्यामागे ८ आणे लावले होते. लोभापायी शिपाई घराच्या दारातलीही कुत्री उचलू लागले, तेव्हा ६ जूनला पारशी लोकांनी दंगल केली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. पुढे शतकभराहून जास्त काळ शहरोशहरी म्युनिसिपालटीची गाडी फिरत राहिली. आमच्या लहानपणी "कुत्र्यांची गाडी आली" म्हटलं की पोरं आपापली कुत्री न्हाणीत लपवायची. ती गाडी जायची, परत आणायची नाही.

बदल झाला तो २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी. कुत्रा पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचलला तिथेच परत सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनीही हेच ठेवलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा जागांपुरतं वेगळं सांगितलं, त्यावर वाद चालू आहेत, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाची वाटली ती एवढीच गोष्ट, की कुत्र्याच्या गाडीला पहिल्यांदा परतीचा प्रवास मिळाला.

आणि आणखी एक. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम आपल्याकडे १९७८ पासून आहेत आणि त्यात कुत्र्या-मांजरांचं वेगळं प्रकरण आहे. प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांच्या आत पाणी, हिवाळ्यात सहा तासांच्या आत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेरा वर्षं कुत्रा पाळला, पण हे मी वाघ्या गेल्यावर वाचलं.

आता आपल्या गाड्या. आपल्या घरगुती कुत्र्याला पहिलं मानाचं आसन दिलं ते स्कूटरने, असं माझं मत आहे. चेतक १९७२ ची. तिच्या पायाशी सपाट जागा. तिथे गॅसचं सिलिंडर, धान्याचं पोतं, धाकटं पोर आणि कुत्रा यांपैकी काहीही उभं राहायचं. नंतर मोटारसायकली आल्या, त्या जागी टाकी आणि इंजिन आलं आणि कुत्र्याची जागा गेली. कोणी मुद्दाम काढून घेतली नाही. विचारच कोणी केला नव्हता.

मोटारीत टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' काढली होती, मागे लांब मोकळी जागा असलेली. पण आपल्याला गाडी म्हणजे डिकी वेगळी हवी, तरच ती साहेबाची. ती काही फार चालली नाही. खरं काम केलं ते मारुतीच्या व्हॅनने. १९८४ ची, १९८८ पासून नाव ओम्नी. शाळेची पोरं, भाजी, दुधाचे कॅन, रुग्ण, सगळं तिने वाहिलं. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मागचा सगळा तळ सपाट, आणि दार सरकतं. सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. तिचं काम आता ईको करते, ती २०१० ची.

तर मी टेप घेऊन निघालो. प्रेस शॉपचा माणूस, मापाशिवाय जमत नाही. घरी आता दोघी आहेत, चंपी आणि राणी. राणी दहा वर्षांची, मागचे पाय धरतात. आधी दोघींना मोजलं. उभं राहता आलं पाहिजे, गोल वळता आलं पाहिजे, पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. मग गाड्या मोजल्या. छोट्या कारच्या मागच्या सीटवर राणी मावते, पण ब्रेक मारला की खाली घरंगळते. डिकीत हवा नाही. उंच एसयूव्हीत तिला उचलूनच टाकावं लागतं, आणि माझी कंबर आता पूर्वीची नाही. मालवाहू टेम्पोकडे मी बघितलंही नाही.

शेवटी वापरलेली पाच सीटची ईको घेतली, एसीवाली. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्यावर प्लाय आणि त्यावर खरखरीत रबराची चटई, पाय घसरू नयेत म्हणून. सीट आणि त्या जागेच्या मध्ये जाळी. दोघींना छातीचे पट्टे, कारण गळपट्ट्याला बांधलं आणि ब्रेक लागला तर मान आवळते. काचांना पडदे, पाण्याचा कॅन, ॲल्युमिनियमचं पातेलं. चढायला प्लायची उतरंड मी स्वतः बनवली, तिच्यावर जुनं पायपुसणं ठोकलं. आणि एक नियम: उन्हात बंद गाडीत कुत्रं ठेवून पाच मिनिटंही कुठे जायचं नाही. एसी बंद झाला की आतली हवा बघता बघता भट्टी होते.

पहिल्या दिवशी राणी उतरंडीपाशी येऊन थांबली. वास घेतला, माझ्याकडे बघितलं, परत वास घेतला. दहा मिनिटं गेली. मी काही बोललो नाही. मग स्वतःच चढली आणि आडवी झाली. आम्ही तिघं छोट्या पंढरपूरपर्यंत जाऊन आलो, दवाखाना वगैरे काही नाही, नुसतंच.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला न्यायला इंद्राचा रथ येतो ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इंद्र म्हणतो, कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. लहानपणी मला वाटायचं गोष्ट स्वर्गाची आहे. आता वाटतं, ती रथाचीही आहे. धर्मराजाने चढण्याआधी विचारलं, कुत्रा कुठे बसेल? मी तेरा वर्षं विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

असो. ताई, दिवाळीला येशील तेव्हा तुला स्टेशनवर घ्यायला हीच गाडी येईल. पुढे बस. मागची जागा भरलेली असेल.